नारळ फुटला, सासूबाई वाचल्या

सोमेश्वरराव पाव्हणं, कडा गावच्या थोरल्या घराला नेकनूरच्या बजरंगाचा वाकून रामराम. तुमचा गुडघा दुमडायला लागला का, आणि वहिनींचा खोकला कारखान्याचं धुराडं पेटायच्या आत थांबला का, हे आधी कळवा. आमी इथं सुखरूप हाव. (तुमची बहीण विमल सध्या माझ्याशी लई गोड बोलते, त्यामुळं जरा धास्ती वाटते. आई गेल्यापासून तुमी नेकनूरची वाट विसरलात, असं ती म्हणते. पण तो विषय माझा न्हाई.) फोन कावून केला न्हाई म्हणाल, तर आमच्या घरात फोन मी करतो आणि ऐकते ती.

गोष्ट माझ्या बॅनरच्या दुकानातल्या कॉम्प्युटरची. वाढदिवसाचे भावी सरपंच आणि पुण्यस्मरणाचे माजी सरपंच, सगळे त्याच्याच पोटात. त्यातच सासूबाईंचा जगातला एकुलता एक फोटो, "नको काढू रे" म्हणून हात उगारलेला. तो तुमच्याकडंही न्हाई. मशीन दोनदा मरून उठलं, तेव्हा विमल म्हणाली, "आईचा फोटो गेला तर तुमी दुकानातच झोपा." म्हणून दसऱ्याच्या सुट्टीत तुमची लेक स्वप्नाली पुण्याहून आली, तेव्हा मी तिच्या पाया पडायचाच राहिलो.

पाव्हणं, पोरगी हाय का कोण हाय! तिनं झेडएफएस नावाची, फायली सांभाळायची नवी रीत बसवली. एका डिस्कच्या जागी दोन, आणि एकीवर जे लिहिलं तेच आपोआप दुसरीवर. पण चालू होताना मशीननं आधी ही रीतच ओळखली पाहिजे, न्हाईतर दारातच अडून बसतं. तसं ते बसलंच. काळ्या पडद्यावर एक ओळ, पुढं काही न्हाई. स्वप्नालीनं ना देवाचं नाव घेतलं ना मशीनला शिवी दिली (मी दोन्ही केलं). मशीन चालू व्हायची किल्ली तिनं दोन्ही डिस्कवर एकेक ठेवली, आणि मशीन उठलं.

त्या दिवशी खंडेनवमी. आपण कोयता पुजतो, पाण्याची मोटर पुजतो, ट्रॅक्टर पुजतो. मग एवढ्या मशीनला कोरडं ठेवायचं? स्वप्नाली जेवायला घरी गेलती. मी कॉम्प्युटरच्या डब्याला कुंकू लावलं, खाली लिंबू ठेवलं, आणि ट्रॅक्टरच्या हुकावर फोडतो तसा नारळ डब्याच्या कडेवर फोडला. डब्याचं एका बाजूचं झाकण उघडं होतं, हे नारळ फुटल्यावर दिसलं. पाणी सगळं आत. चट्ट आवाज झाला, जळका वास आला, पडदा काळा. माझ्या डोळ्यांपुढं सासूबाई दुसऱ्यांदा गेल्या.

स्वप्नाली आली. पोरगी रागावलीसुद्धा न्हाई. तिनं सगळं पुसलं, वाळवलं आणि मेलेली डिस्क काढून टेबलावर ठेवली. ही रीत म्हणे अधूनमधून सगळ्या फायलींची आहे तशी आठवण धरून ठेवते, चुकलं तर मशीनला मागं नेते. मी विचारलं, मग नारळाच्या आधी जाता येईल का? ती म्हणाली, "मशीन जाईल मामा, तुमी न्हाई." आणि बटन दाबलं. उरलेल्या एका डिस्कवर मशीन उठलं, पाव्हणं! काही झालंच न्हाई असं उठलं. सासूबाई तशाच, हात उगारून. मी चप्पल काढून उभा राहिलो. असलं जन्मात पाहिलं न्हाई.

वहिनींना नमस्कार, घरातल्या पोरांना आशीर्वाद.

तुमचा बजरंग

ता. क. डिस्क लाइटीच्या झटक्यानं गेली, असं मी विमलला सांगितलंय. ती तुमाला विचारणारच. तुमी पण लाइटच म्हणा. पत्र ओळखीच्या कंडक्टरच्या हाती देतोय ते एवढ्यासाठीच. वाचून चुलीत घाला.

आणखी ता. क. दादा, मी विमल. पाकीट भाताच्या शितानं चिकटवलं होतं, लगेच उघडलं. नारळाचं मला त्याच दिवशी कळलंय. नारळ फोडला आणि खोबरं घरी आलं न्हाई, असं या माणसाच्या हातून कधी झालं न्हाई. त्या दिवशीही आलं, आणि डिस्क त्याच दिवशी गेली. तू यांना काही बोलू नकोस. भीतीपोटी सध्या घरातलं पाणी हेच भरतात. स्वप्नाली जाताना म्हणाली, आत्या, डिस्क दोन असल्या तरी डबा एकच, आजीचा फोटो दुसऱ्या घरातही पाहिजे. तो मी तिच्याकडून पेनड्राइव्हवर घालून घेतलाय. कंडक्टरच्या हाती मात्र देणार न्हाई. भाऊबीजेला ये आणि आईला घेऊन जा.