ठकवणे कशाला म्हणावे

इंझोरी, आश्विन वद्य चतुर्थी, शके १८५८

राजमान्य राजश्री जानरावजी व्याही, मुक्काम रिठद, यांस पुंजाजीचा दोन्ही हात जोडून रामराम. आपली व विहीणबाईंची प्रकृती बरी असावी, हरभऱ्याची पेरणी मार्गी लागली असावी. इकडे वांग्यांना बहर आहे, मिरची लगडली आहे, आणि मी बाजारात ठकवला गेलो आहे. रुख्मिणीला दिवाळीला धाडा म्हणून आपली तीन पत्रे आली, ती पोचली. त्यांचे उत्तर याच पत्रात आहे, पण ते लिहिण्याचा धीर येण्यासाठी मला थोडे लांबून यावे लागेल. तेवढे सांभाळून घ्यावे.

त्याचे असे झाले. वांगी तोडायला आपल्या रुख्मिणीइतका चपळ हात आमच्या घरात दुसरा नाही. (आमचा गुलाबराव आपला जावई खरा, पण तो एक वांगे तोडतो तोवर शेजारचे पिकून पिवळे होते.) ऐन तोडणीत ती माहेरी गेली तर आमचा बाजार बुडालाच. म्हणून मी शक्कल काढली की घरी दुभती गाय आणावी. दुधातुपाचे घर सोडून सून कशाला जाईल? मंगरूळपीरच्या बाजारात एका गोडबोल्या गृहस्थाने पायाशी वासरू असलेली गाय दाखवली. गाय गरीब, वासरू गोजिरवाणे, मी भाळलो. परतताना ओढ्यावर गाय पाणी पिऊ लागली, तेवढ्यात वासराने दाव्याला हिसका दिला आणि शेपूट वर करून जे मंगरूळकडे पळाले ते आपल्या खऱ्या आईपाशीच थांबले असेल. गाईने मान वर करूनसुद्धा पाहिले नाही. तिचे वासरू आधीच मेले होते, हे दुसरीचे मागून आणलेले. घरी आल्यावर ती दूध चोरू लागली, कासेत धरून ठेवी, सोडीना. आमच्या मंडळींनी, म्हणजे कस्तुराबाईने, तांब्या आपटला आणि धनी ठकला तर गाय काय वेगळी निघणार, असे मलाच ऐकवले.

आठ दिवस मी ज्याला त्याला सांगत सुटलो की तो माणूस ठक आहे, त्याला चारचौघांत बसवून जाब विचारला पाहिजे. पण सांगता सांगता एक गोष्ट ध्यानात आली. कस्तुराबाई कालच्या मेथीवर पाणी मारते, त्याला ती ताजी करणे म्हणते. मी किडकी वांगी तळाशी घालून चकचकीत वर लावतो, त्याला मी टोपली भरणे म्हणतो. शेजारचा मदनसिंग सोयरिकी जमवताना नवऱ्या मुलाची चार-पाच वर्षे खाऊन टाकतो, त्याला तो जुळवून आणणे म्हणतो (मुलाला टक्कल असले तर कपाळ मोठे, भाग्याचे). ठकवणे म्हणून जे काही असते ते नेहमी दुसऱ्यानेच केलेले. इतका वापरातला शब्द, पण स्वतःसाठी वापरलेला मी अजून कोणाच्या तोंडून ऐकला नाही. व्याही, यावर मी वाफ्यात पाणी सोडता सोडता पुष्कळ विचार केला, आणि त्यात एकदा मिरचीचा अख्खा वाफा बुडवला.

पुढे दुधाचा इलाज मदनसिंगानेच सांगितला. मेलेल्या वासराचे कातडे कुठूनसे आणले, त्यात भुसा भरला, काटक्यांचे पाय लावले, वर मीठ चोळले. (तोंड गुलाबरावाने शिवले, त्यामुळे ते वासरू अंमळ रेड्यावर गेले आहे.) गाय ते चाटू लागली आणि काय सांगू, तिने पान्हा सोडला! सगळे हसले. वासरू धरून रुख्मिणी उभी होती, ती तेवढी हसली नाही. म्हणाली, "मामाजी, गायले भुशाचं वासरू दावता, अन् मले कागद."

आता सांगतोच. तिला लिहिता-वाचता येत नाही. आपली पत्रे तिला मी वाचून दाखवतो, तिची मी लिहितो. आपण लिहिले, लेकीला धाडा. मी वाचले, बेटा, सुखाने तिथेच राहा. ती म्हणाली, मले न्यायले या. मी लिहिले, मला इथे करमते, येण्याची तसदी घेऊ नये. याला मी घर सांभाळणे म्हणत होतो. तिने ओळखले कसे, म्हणून विचारले, तर म्हणाली, "माहे बाबा कागद लिवतीन अन् कबऱ्या बैलाची खबर देणार नाई, असं होतच नाई." आपण दर पत्रात त्या बैलावर अर्धे पान खर्च करता हे खरे आहे. मी ते लांबते म्हणून गाळत होतो.

गाय रोज दोन वेळा ते कातडे चाटते, डोळे मिटून चाटते, आणि मला तिकडे पाहवत नाही. व्याही, तुमची लेक मी ठकवली. दुसरा एखादा शब्द बसतो का म्हणून पुष्कळ शोधला, नाही सापडला. मंगरूळच्या त्या माणसाला जाब विचारण्याचा बेत मी सोडून दिला आहे.

आपला,
पुंजाजी

ता. क. – कागद मिळताच दमणी जुंपून रुख्मिणीला न्यायला यावे. वांग्यांचे आम्ही पाहून घेऊ.

आणखी ता. क. – पाकीट चिकटवण्याआधी रुख्मिणीने हे पत्र माझ्या हातून घेतले आणि शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतले. मला राग आला होता, पण कोणत्या तोंडाने रागवावे? सगळे बरोबर निघाले, फक्त तिने सांगितलेले एक वाक्य राहिले होते. राहिले नव्हते, मी गाळले होते. ते मास्तरांच्या देखत, तिच्याच शब्दांत लिहितो: "बाबा, दिवाळीपुरतं नाई, मले लिवता-वाचता येईन तोवर तिकडंच ठेवा."