टाचेखालचं पाणी

१२ नोव्हेंबर २०२४, मंगळवार

पाणबुडीवरचे आमचे साहेब वारले! दोन महिने झाले म्हणे. आज त्यांच्या मुलीचा, सुमतीचा, पुण्याहून फोन. "बाबांच्या वहीत तुमचं नाव आहे. तेवीस तारखेला, शनिवारी, येऊन भेटू का?"

त्रेपन्न वर्षांनी नाव सापडलं! मी काय हरवलो होतो?

सूनबाई शामला म्हणते, "येऊ द्या न मामाजी. काहून घाबरून राहिले?"

घाबरतो कोण! बीपी मात्र दोनदा मोजला.

१४ नोव्हेंबर

शामलाच्या पोटात काही राहत नाही. सकाळी फिरायला गेलो तर शेजारचा चंपतराव सगळ्यांसमोर ओरडला, "काय गा गिरिधर, पाणबुडीत पोळ्या लाटल्या म्हणून पुण्याची बाई सत्कार कराले येऊन राहिली का?" सगळे खिदळले. हा स्वतः आयुष्यभर पोस्टात शिक्के मारत बसला. अंबाझरी तलावात पेडल बोट चालवताना याला चक्कर आली होती!

याला काय सांगू? सांगायचं नाही म्हणून सही केली आहे. घरच्यांनाही सांगितलं नाही. पण वहीला सांगायला काय हरकत? किनाऱ्याचं नाव लिहीत नाही.

एकाहत्तरची लढाई. मी पाणबुडीवर आचारी. शत्रूचा किनारा गुपचूप पाहून यायचा होता — आपले ट्रक आणि माणसं तिथे उतरतील का, एवढंच. साहेबांबरोबर जाणारा खलाशी तापाने फणफणला. रामटेककडचा मी, लहानपणापासून तलावात डोंगा वल्हवलेला. साहेब म्हणाले, "तू चल." रबराच्या होडीतून दोघेच गेलो. समुद्र नुकताच मागे सरला होता. वाळू ओली, चकाकत होती.

साहेबांनी दोरी टाकली, मापं घेतली. मग मला विचारलं, "ट्रक जाईल?" आता नदीतून बैलांची बंडी न्यायची तर माझा बाप आधी काय करायचा? टाच रुतवायची, गोल फिरवायची, दहापर्यंत मोजायचं. खळग्यात पाणी चढलं तर बंडी फसते. मी तेच केलं. सहालाच पाणी भरलं! म्हटलं, "साहेब, बंडी फसते इथं." साहेब हसले. "बंडी!" म्हणाले.

अकरा दिवसांनी आपली माणसं उतरली. ट्रक फसले, भरती आली, एकोणीस जण बुडाले. मला कळलं तेव्हा मी कणीक मळत होतो.

आठवी नापास माणसाचं कोण ऐकतो!

१७ नोव्हेंबर

झोप नाही. एकोणीस.

साहेब दर दिवाळीला पत्र पाठवायचे. "कसा आहेस, मुलं काय करतात, कधी पुण्याला ये." लाज वाटत असणार! एकालाही उत्तर दिलं नाही. पत्रं मात्र फेकवली नाहीत. ट्रंकेत आहेत.

१९ नोव्हेंबर

साहेबांच्या मुलीला काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. मग फाडलं. मग परत लिहिलं. शामला म्हणते, "मामाजी, पाहुणी हाय ते. भांडाले नोका बसू."

पाहुणी!

२३ नोव्हेंबर, शनिवार

आली. साठीची बाई, केस पांढरे. हसणं हुबेहूब बापासारखं — तिथेच माझं डोकं फिरलं.

"बाबा तुमच्याबद्दल फार बोलायचे," म्हणाली.

म्हटलं, "बोलाले काय जाते! ऐकलं काहून नाही? माझ्या टाचेले हसले तुमचे बाबा. ऐकलं असतं तर एकोणीस जण आज नातवंडं खेळवत असते. बिल्ले लावून फिरले जन्मभर!" कागदावरचं सगळं बोललो. नसलेलंही बोललो. शामला पोहे घेऊन आली ती दारातच थांबली.

बाई रागावली नाही. मग पर्समधून जुनी निळी वही काढून टेबलावर ठेवली.

"ही तुम्हाला द्यायची नाही, असं ठरवून आले होते. पण बाबांबद्दल असं नका हो मनात ठेवू."

द्यायची नव्हती तर आणली कशाला? पुण्याचा ठसका! पोह्यांना हातही न लावता गेली. रामटेक बघणार होती, तेही नाही. सरळ स्टेशनवर.

वही उद्या बघीन. अक्षर बारीक आहे.

२४ नोव्हेंबर

वही चारदा वाचली. बोट ठेवून वाचली.

"गिरिधर म्हणतो, गाड्या रुततील. मला पटलं. वर कळवून जागा बदलायला लावली — दोन मैल उत्तरेला, जिथे आम्ही पाय ठेवला नव्हता. माणसं तिथे बुडाली."

खाली दुसऱ्या शाईत: "आमच्या जागी वाळू टणक होती, हे नंतर कळलं. खळग्यातलं पाणी नुकत्याच लागलेल्या ओहोटीचं. नदीकाठच्या मुलाला ते कुठून ठाऊक असणार? मला ठाऊक असायला हवं होतं. गिरिधरला हे कधीही सांगू नये."

शामला विचारत होती, "काय लिहिलं हाय जी वहीत?"

म्हटलं, पोळ्यांचं.