एका बोटाचं काजळ

सोमवार, ३ ऑगस्ट १९८१. भांडुप.
डोळ्यांची साथ आलीय म्हणे. मला पहिल्यापासून संशय आहे. आमच्या नीलाचं पाळणाघर चालवणाऱ्या कोळीवाड्यातल्या मंजुळाबाईने आज नवे नियम काढले. डोळे आलेली पोरं मागच्या खोलीत, तिच्या सासूबाईंकडे. चांगली पोरं साथ संपेपर्यंत सगळी मिळून आळीपाळीने एकेकाच्या आईबापांच्या घरी. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. म्हणजे अर्धं काम आमच्या गळ्यात घालायचा डाव. शिवाय ही बाई घरात काळा गॉगल लावून वावरते. काय लपवतेय?
बायकोला, सुगंधाला, बोललो. तिचं टेलिफोन एक्स्चेंजमधलं ट्रेनिंग याच महिन्यात संपतंय. एक खाडा झाला तरी कायम करणार नाहीत, तेव्हा तुमचे संशय तुमच्याजवळ ठेवा, म्हणाली. ठेवले. इथे.

मंगळवार, ४.
पाळ्या ठरल्या. आज चाळीतल्या रुक्मिणीकडे, उद्या शेजारच्या जानकीकडे, गुरुवारी आमच्याकडे. म्हणजे माझ्याकडे, कारण माझी सेकंड शिफ्ट. सकाळभर मी रिकामा असतो असा चाळीचा गैरसमज आहे. असो. पोरं कशी सांभाळतात ते एकदा दाखवूनच देतो.
डावा डोळा खाजतोय. फॅक्टरीतली धूळ.

बुधवार, ५.
सकाळी मंजुळाबाईच्या घरावरून मुद्दाम चक्कर मारली. खिडकीतून पाहिलं, तर पातेलंभर पाणी उकळत होती. एवढं पाणी कशाला? तिने मला पाहिलं आणि चहा घेता का विचारलं. मनात पाप असलेली माणसं अशीच गोड बोलतात. घेतला.
परतताना रुक्मिणी म्हणाली, तुमचा डोळा लाल दिसतो. दुसऱ्यांची पोरं सांभाळायची हौस हिलाच आहे, माझी पाळी लाटायचा विचार दिसतो. गॉगल विकत घेतला. निव्वळ स्टाईल म्हणून.

गुरुवार, ६. दुपार.
झकास! पाच पोरं, एकही रडलं नाही. ही साथ नुसत्या बघण्याने लागते, हे आमच्या मालवणात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून गॉगल अजिबात काढला नाही. वर आईने गावाहून पाठवलेल्या डबीतलं काजळ. पोरं तयार होईनात, तेव्हा आधी गॉगल जरा वर करून स्वतःच्या डोळ्यांत घालून दाखवलं. डाव्यात जरा जास्त, फार खाजत होता. मग त्याच बोटाने सगळ्यांना, ओळीने बसवून. नीलाला दोनदा, आपली म्हणून.
मंजुळाबाईने उकळत बसावं पाणी. सुगंधाला सांगितलेलं नाही. सरप्राइज.

शनिवार, ८.
वाट लागली. पाचही पोरांचे डोळे चिकटलेत. हे मंजुळाबाईचंच काम. आम्हालाही पोरं सांभाळता येतात हे तिला बघवलं नसणार.
सकाळी नीला अंथरुणातून म्हणाली, "बाबा, उघडत नाही." तिला मांडीवर घेतलं. फार वाईट वाटलं. सुगंधा ओट्याशी उभी राहून रडली. सोमवारी घरी राहिली तर नोकरी गेली. मी रजा टाकतो म्हणालो. ती म्हणाली, आधी गॉगल काढा. विषय बदलला.

रविवार, ९.
मंजुळाबाई घरोघर फिरून पोरांना बघत आमच्याकडे आली. मागे रुक्मिणी आणि जानकी. तिने गॉगल काढून ठेवला. कडेवरची पोरं डोळ्यांत बोटं घालतात म्हणून लावते म्हणे. डोळे स्वच्छ निघाले. मला पटलं नव्हतं, पण निघाले.
नीलाच्या गालावरचा काळा ओघळ बघून तिने विचारलं, "सहदेवभाऊ, काजल कोनी घातलं? एकाच बोटानं?"
बोट धुतलेलं होतं, असं मी सांगितलं. तिने हात पुढे करून माझा गॉगल उतरवला. डावा डोळा लालबुंद निघाला. रुक्मिणी आणि जानकी दोन पावलं मागे सरकल्या.

सोमवार, १०.
सुगंधा वेळेवर ड्युटीला गेली. जाताना आम्हाला पोचवून गेली. आम्हाला म्हणजे नीलाला आणि मला. डोळे आलेल्यांना फॅक्टरीत घेत नाहीत, आणि मला घरी एकट्याला ठेवायला सुगंधाची तयारी नाही. काजळाची डबी जप्त.
दारात तिचा पाय निघेना. मंजुळाबाई म्हणाल्या, "तू जा गं बिनधास्त. दोगांना पन संभालते मी."
मागच्या खोलीतली आधीची पोरं बरी होऊन गेली, आता सतरंजीवर आमची पाच पोरं आणि मी. सासूबाई उकळलेल्या पाण्याने डोळे पुसतात, प्रत्येकाला वेगळा कापूस. मी हात लावायला गेलो तर हातावर चापट मिळाली. माझ्या टॉवेलवर सुगंधाने लाल दोऱ्याने नाव घातलंय, पोरांसारखंच.
पाळणाघराच्या कारभारावर आतून नजर ठेवायची ही उत्तम संधी आहे. सविस्तर लिहिणार होतो. पण आता सगळ्यांनी झोपायचं आहे. पेन काढून घेताहेत.