कोचची सुटलेली नाडी

शुक्रवार, संध्याकाळ

अजून डोकं तापलेलंच आहे. इथल्या सीफ भागातल्या मॉलमध्ये आइस हॉकीच्या बर्फावर आज कोचने माझ्या प्रज्ञाला अर्ध्या मॅचमधून काढून बाहेर बसवलं. का? तर एका मुलाने तिच्या मैत्रिणीला मुद्दाम पाडलं आणि हिने त्याला ठोसा लगावला. बरोबरच केलं! आपल्या माणसाला कोणी हात लावला तर गप्प बसायचं नाही, हे मीच शिकवलंय तिला.

आणि शिक्षा देणारा कोण? ज्याने उभं आयुष्य आइस हॉकीत मारामारीचाच पगार खाल्ला, तो! समोरच्या खेळाडूंना ठोकायलाच संघाने त्याला ठेवला होता. स्वतःच्या बुटाची नाडी कायम लोंबत असते, आणि हा शिस्त शिकवणार!

मॅच संपल्यावर सरळ जाऊन विचारलं, "तुम्ही मारलंत ते चाललं, माझ्या मुलीने मारलं की खलास?"

त्याने उजवा हात पुढे केला आणि मूठ वळायला गेला. बोटं अर्ध्यातच अडकली. मग बूट पुढे करून म्हणाला, "बांधून देता?"

ती नाडी. मी वाकून बांधली.

गाडीत प्रज्ञाने विचारलं, "बाबा, डिड यू टेल हिम ही वॉज राँग?" मी गाडी सुरू केली. स्टिअरिंगवर माझी दहाही बोटं घट्ट आवळलेली होती.