आजी उभी का राहते

लोअर हट, न्यूझीलंड
१८ जून २०२५

ती. आशालता आत्या,

इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. पत्राचा फोटो तुझ्या सुनेच्या मोबाइलवर पाठवतोय. सुलेखावहिनी, सावकाश वाचून दाखवा. मी घाईत लिहितोय, हात थांबतच नाही!

इकडे थंडी कडक आहे. पूजेला शेजारच्या कुंपणातली फुलं मागून आणतो. तुझी इकडची सून अनुराधा मजेत. तुझे गुडघे कसे आहेत?

आता खरी बातमी. तुझ्या नातीला, आमच्या जुईला, शाळेत इतिहासाचा प्रोजेक्ट आहे. अमेरिकेत गुलाम म्हणून जन्मलेली शेवटची माणसं म्हातारी झाली, तेव्हा काहींचं बोलणं यंत्रावर धरून ठेवलं होतं. माणसं कधीच गेली, आवाज आहेत! काल जुईने एका नव्वदीच्या बाईचा आवाज लावला. विचारणारा नातवाच्या वयाचा, आणि बाई प्रत्येक उत्तराला ‘सर’ म्हणते.

“बाबा, व्हाय ‘सर’? शी कुड बी हिज ग्रॅन!”

मी म्हणालो, “सुटल्यावरही सवय अंगातून जात नाही गं. आपली आजी नाही का, कोणी इंग्रजीत बोललं की उठून उभी राहते.”

जुई ओरडलीच, “वेट! म्हणजे आजी तेव्हा जात नसते?”

कळलं का, आत्या? व्हिडिओवर जुई इंग्रजीत बोलू लागली की तू पदर डोक्यावर घेऊन उभी राहतेस. पोरीला वाटायचं, आजी कंटाळली, निघाली. म्हणून ती लगेच बाय म्हणायची. आणि तू म्हणायचीस, “पोरीला वेळ नाही.” इतकी वर्षं दोघी एकमेकींना निरोपच देत बसलात!

मग तिने विचारलं, आजी उभी का राहते. सांगितलं. गावात हे कोणी मोठ्याने बोलत नाही, पण इथे लिहूनच टाकतो. माझे आजोबा, म्हणजे तुझे वडील, लग्नगडी होते. लग्नासाठी सावकाराकडून भात घेतलं आणि नवराबायको त्याच्या घरी राबायला बांधली गेली. तू त्याच्याच गोठ्यात जन्मलीस; त्याच्याकडे इंग्रजी बोलणारा साहेब आला की गड्यांनी उठून उभं राहायचं, हेच शिकलीस. माझे बाबा सुटकेनंतर जन्मले. तिथे जन्मलेली आता तू एकटीच उरलीस.

फोनवर विचारलं की तू म्हणतेस, “देवाने सोडवलं, झालं.” देवानेच सोडवलं, खरं आहे. पण कशातून, ते जुईला तुझ्या तोंडून ऐकायचंय, तुझ्या आवाजात ठेवायचंय. जड वाटलं तर गाई-वासरांचं सांग. फक्त बसून सांग.

येत्या रविवारी व्हिडिओवर फोन करतो. जुई सकाळपासून घोकतेय, “आजी, बस ना गं.” उच्चार गोरा आहे, हसू नकोस. वहिनी, अंगणात खुर्ची मांडून ठेवा.

आणि हे जुईनेच ठरवलंय: तू बसेपर्यंत आम्ही तिघंही इथे बसणार नाही.

तुझ्यासमोर उभा,
तुझा भाचा
विश्वनाथ