पिवळा चीक

श्री सिद्धेश्वर प्रसन्न

सोलापूर, बाळीवेस
पौष शुद्ध चतुर्थी, शके १८५३

चि. संगप्पास ईरम्माअक्काचे आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत. तुम्हीही असालच, कारण काही बिघडलं असतं तर तुझ्या बायकोनं एव्हाना सारं वैराग डोक्यावर घेतलं असतं.

एरवी माझी पत्रं चन्नप्पा लिहितो. हे मी माझ्या हातानं लिहिते आहे, कारण यातलं पोराला कळायचं काम नाही. दोन यत्तांत जेवढं शिकले तेवढंच येतं. ओळी वाकड्या गेल्या तर टाक खराब आहे असं समज.

दाक्षायणी पोचली असेल. अक्काला आपली पोरगी सून म्हणून पसंत पडली का, याची तू वाट बघत असशील. तर ऐक. पसंत पडावं असं तिच्यात काही नाही. उंच एवढी की आमच्या स्वयंपाकघरात आली की चौकटीला कपाळ आपटतं, आणि आपटलं की हसते. रंगानं आईवर गेली, त्याला ती काय करणार. भाकरी चांगली थापते, पण थापताना सगळ्या पेठेला ऐकू जातं. सारखी माझ्या मागं मागं. मी सुई हातात घेतली की हिनं दोरा ओवून पुढं धरलाच. मी सांगितलं होतं का? आगाऊपणा नुसता.

इकडे सुताचा व्यापारी सिद्रामप्पा त्याच्या मुलीसाठी उंबरा झिजवतोय. मुलगी मराठी चौथी झालेली, पेटी वाजवते. येळवशीच्या अमावस्येला तुला रानात जेवायला बोलावलं होतं, तू आला नाहीस, बैलाचं निमित्त सांगितलंस. ते मात्र सहकुटुंब आले. ती पेटीवाली हरभऱ्यात उभी राहून विचारते, "मावशी, एवढं गवत कशाला लावलंय?" आणि माझा चिरंजीव, गिरणीच्या हपिसात टेबलावर बसणारा, तोंडावर रुमाल धरून हसला. त्याला तरी कुठं कळतं? त्याला भाजी म्हणजे मंडईत जुडी बांधून मिळते ती.

मी पोरींना पेटी वाजवायला लावत नाही. रानातली पाथरीची भाजी आणायला पाठवते. अमावस्येच्या आदल्या दिवशी तुझ्या लेकीला टोपली देऊन बांधावर धाडलं. पाथरीसारखीच दिसणारी एक असते, तुला आठवत असेल, मी तिला पाथरीची सवत म्हणायची. पान तसंच कातरलेलं, फूल तसंच पिवळं, मोडली तर चीकही तसाच पांढरा. शहरातल्या बायका दोन्ही एकत्र चिरतात आणि पाथरी कडू लागली म्हणून तोंड वाकडं करतात.

टोपली घेऊन आली. मी म्हटलं, "यात सवत किती आणलीस?"

"एक बी न्हाय, आत्या."

"कशावरनं?"

"सवत उभी वाढती, दांडा पोकळ, अन् पानं दांड्याला मिठी मारून बसत्यात. पाथरी भुईला चिकटून गोल पसरती. फुलाच्या दांडीला पान जवळजवळ नसतंच."

"कुणी शिकवलं?"

"आईनं."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. तुझ्या बायकोला काही येत असेल हे मी आजवर धरलंच नव्हतं, आणि या वयात नव्यानं धरायची माझी इच्छा नाही.

आता खरं सांगायचं ते. अमावस्येला पहाटे करडईची कोवळी भाजी मी स्वतः खुडून आणली. दुसऱ्या कुणाच्या हातची मला चालत नाही, तुला ठाऊक आहे. धुकं होतं. हातात कंदील होता, पण काच काळी झालेली. करडईत पिवळा धोतरा उगवतोच. लहान असताना दोन्ही भुईला फुलासारखे बसतात, दोन्हींची पानं दातेरी. पण करडईचं पान साधं हिरवं. धोतऱ्याच्या पानावर शिरेशिरेवरून पांढरं असतं, विभूतीची बोटं ओढल्यासारखं. आणि खुडलं की चीक येतो पिवळाधमक. पोटात गेला तर माणूस झोपतं ते उठेल का सांगता येत नाही. हे मी तुला तू चड्डीत होतास तेव्हा शिकवलं. मला कुणी शिकवायची गरज नाही.

कडब्याच्या कोपीमागं चूल मांडली. तुझी लेक माझी करडई पुढ्यात घेऊन बसली ती उठेचना. एकेक पान उजेडाला धरून बघते.

मी म्हटलं, "लग्नातले गहू निवडतेस का? मी खुडलेली भाजी निवडावी लागत नाही."

"माती हाय वाईच, आत्या."

"माती धुवून जाते. उठ, पाव्हणे आले."

तरी उठली नाही. सिद्रामप्पाची बायको लुगडं सावरत येऊन उभी राहिली तेव्हा कुठं हिनं भाजी चुलीवर घातली. आणि वाढायला आली तर बोटं पिवळी. दहाच्या दहा. मला तेवढं दिसलं, कारण तिनं ताट अगदी माझ्या नाकासमोर धरलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बघा वैरागची रीत, हळदीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसतात. काय गं, हळदच ना ही?"

माझ्या तोंडाकडे बघितलं तिनं. मग म्हणाली, "व्हय आत्या, हळदच." आणि हसली. सिद्रामप्पाची बायको हसली, पेटीवाली हसली, मीपण हसले. सगळे पोटभर जेवले. सिद्रामप्पानं दोनदा भाजी मागून घेतली. मी मनात ठरवलं, या घाणेरड्या पोरीला उद्याच्या गाडीनं परत.

दुसऱ्या दिवशी भांडी आणायला परत रानात गेले. गड्याची शेळी कोपीमागं बांधलेली. शेळी करडई समोर दिसली तर दावं तोडते. तिच्यासमोर ओंजळभर पाला पडला होता, सुकलेला, आणि तिनं तोंड लावलं नव्हतं. मी एक देठ मोडला. ओला होता अजून. पदराला पुसला आणि उन्हात नेऊन पदर डोळ्याजवळ धरला.

पिवळा.

ओंजळभर, संगप्पा. एखादं चुकार पान नाही.

कंदिलाची काच मी त्याच दिवशी घासली. आज संध्याकाळी लावून बघितला. त्याच्याभोवती कडं दिसतं. घरच्यांना म्हटलं, तेल भेसळीचं आहे. त्यांनी तेल बदलून आणलं. कडं तिथंच आहे. चन्नप्पा दारात उभा राहतो तेव्हा तो बोलेपर्यंत मी बोलत नाही, म्हणून तो म्हणतो, आई हल्ली रागावलेली असते. असू दे त्याला तसंच वाटत.

पोरगी निघताना पाया पडली तेव्हा मी तिला एक शब्द बोलले नाही. बोलता आलं नाही असं लिहिलं तर तू डोक्यावर चढशील, म्हणून बोलले नाही एवढंच लिहिते.

सिद्रामप्पाला मी निरोप धाडला आहे, की पेटीसाठी आमच्या घरात जागा नाही. पण तू लगेच फुगू नकोस. आधी एक काम कर. हे पत्र तिला आणि तुझ्या बायकोला दाखवायच्या आत पोरीला जवळ बोलाव आणि विचार, येळवशीला तुझ्या बोटांना काय लागलं होतं? धोतरा म्हणाली, तर ती खरं बोलणारी मुलगी आहे, तिला चांगलं स्थळ मिळेल, माझ्याकडे नको. हळद म्हणाली, तर पौष संपल्यावर माघातला दिवस धरून मला कळव. खरी हळद इथं लागेल तिला. मानपानाचं तुझ्या बायकोला बोलू देऊ नकोस, मी येऊन भांडेन तेव्हा भांडेन.

आणि चौकट उंच करायला मी सुताराला सांगितलं आहे. तिच्यासाठी नाही, जुनी झाली होती.

तिनं काय सांगितलं ते वेळ न लावता लिही. पत्र माझ्याच नावानं टाक, चन्नप्पा हपिसात असताना येईल असं. कुणाकडून वाचून घ्यायची पाळी माझ्यावर आणू नकोस. उत्तर मोठ्या अक्षरात लिही.

तुझी अक्का,
ईरम्मा