केबल पुलाच्या वर

४ नोव्हेंबर
नाही म्हणाले! केबल पुलापर्यंतच. वरच्या वस्तीला इंटरनेट नाही. कंपनीचे साहेब गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत — काच खाली करून म्हणाले, "बाई, मूठभर घरांसाठी एवढा चढ कोण खणणार?"
"आम्ही!" तोंडातून निघूनच गेलं.
ते हसले. "खणा. चर तयार झाला, तर केबल टाकून देतो."
सगळ्या वस्तीने ऐकलंय. आता माघार नाही म्हणजे नाही.

५ नोव्हेंबर
ह्यांनी कपाळाला हात लावला. "नसतं झेंगट गळ्यात घ्यायला कुणी सांगितलं होतं?"
कुणी कशाला सांगायला हवं? लेकीला जन्मापासून ऐकू येत नाही. शहरात शिकायला गेली आणि आमचं बोलणंच बंद पडलं. मेसेज येतात — "जेवले. बरी आहे." त्यात काय कळतं? माझी पोर हातांनी बोलते, भुवयांनी चिडते, खांदे उडवून चेष्टा करते. मेसेजमध्ये ते कुठून येणार? व्हिडिओ कॉल लावावा, तर इथे चित्र जागचं हलत नाही.

९ नोव्हेंबर
खणायला लागलो. शिंपीणबाई आली. "कपडे मिळतील तेव्हा मिळतील, असं सांगून आलेय गिऱ्हाइकांना!" ह्यांनीही पहार उचलली — तोंड फुगवून का होईना.

१२ नोव्हेंबर
मोठे दीर आडवे आले. त्यांच्या बागेतून चर न्यायचा नाही. "झाडांची मुळं तुटतील." मागून जाऊबाईंची पुस्ती — "मुकीला कशाला हवाय फोन?"
ठीक आहे. खडकाच्या बाजूने वळसा घेऊ!

१३ नोव्हेंबर
खडक. नुसता खडक.

२० नोव्हेंबर
हात सोलवटलेत. साहेबांनी निरोप धाडला, "अजून दमला नाहीत?" मी उलट निरोप दिला, "केबल तयार ठेवा."
संध्याकाळी दीर येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मग खाली मान घालून — "बागेतून ने."
"आता नको, भाऊजी. खडक फुटत आलाय."
ओशाळले. ह्यांच्या हातातली पहार घेतली आणि खडकावर घालायला लागले.

२ डिसेंबर
चर पुलाला भिडला! आज साहेब गाडीतून उतरले. बुटांना चिखल लागला. बरं झालं.

६ डिसेंबर
लागलं! पडद्यावर माझी लेक! केस कापलेत कार्टीने. सगळी वस्ती माझ्या खांद्यावरून डोकावत होती. शिंपीणबाई तर मला हलवत होती — "काय म्हणते? सांग ना, काय म्हणते?"
"खुशाल आहे म्हणते," मी सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

७ डिसेंबर
खोटं सांगितलं. तिचे हात म्हणत होते — "आई, मी परत येणार नाही. इथे काम मिळालंय. मेसेजमध्ये लिहवेना. तुझ्या तोंडावरच सांगायचं होतं."
आज दार लावून पुन्हा फोन लावला. मी नाही म्हटलं, तिने मान ताठ केली — हुबेहूब माझ्यासारखी! कडाकडा भांडलो दोघी. रडलो. ती एकदा हसलीसुद्धा.
उद्या पुन्हा भांडायचं ठरलंय.